रुपयाचे मोल

रुपया लहानथोर सर्वांच्या हातात खेळत असतो. बाजारात गेलेल्या माणसाला रुपयात काय मिळते, हे तेव्हाच समजते. परंतु परदेशच्या नाण्याशी त्याची अदलाबदल करू लागले म्हणजे त्याचे मोल किती, आणि ते कोणी व कसे ठरवावयाचे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. इंग्रजी अमदानीत या एका प्रश्नाने आपल्या देशातील शेतकरी, मजूर, व्यापारी आणि खुद्द सरकार यांना अनेक वर्षे ग्रासले होते. त्याचा मुळापासून अभ्यास करणाऱ्यांत एक असा तरुण होता, की ज्याला बालपणी शाळेत पाण्याचा घोटही मोकळेपणाने पिता आला नव्हता. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. भारताच्या संविधानाचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सारा देश ओळखतो. परंतु त्यांच्या विद्वत्तेची पहिली मोठी कसोटी लागली ती रुपयाच्या अभ्यासात.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीच्या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाई भीमरावांच्या लहानपणीच वारल्या. कुटुंब साताऱ्यास राहावयास आले आणि तेथे भीमराव शाळेत जाऊ लागले. ते महार जातीचे, म्हणून त्या काळच्या दुष्ट रूढीप्रमाणे अस्पृश्य मानले जात. शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर माठाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हाच ते मिळे, आणि शिपाई नसला तर तहानेलेच राहावे लागे. हा अपमान त्या कोवळ्या मनात खोल रुतून बसला.

पुढे रामजींनी आपले बिऱ्हाड मुंबईस परळ भागातील एका चाळीत हलविले. खोली एकच, माणसे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. तरीही मुलाने शिकावे हा त्यांचा ध्यास होता. रात्री दोन वाजता ते भीमरावांना अभ्यासासाठी उठवीत. कारण त्याच वेळी घरात शांतता असे. मुलाला नवे पुस्तक हवे झाले आणि जवळ पैसे नसले, तर ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत व तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेत. निवृत्तिवेतन आले, की दागिना सोडवून परत करीत. पैशाचे खरे मोल काय असते, याचा पहिला धडा भीमरावांना वडिलांच्या या खटाटोपातून मिळाला.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या निमित्ताने भरलेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्याव्यासंगी शिक्षकांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीरावांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. त्या वेळी एक पौंड पंधरा रुपयांस मिळे. म्हणजे ही रक्कम सुमारे एकशे साडेबहात्तर रुपये होत होती.

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात भीमरावांना प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे थोर अध्यापक लाभले. तेथे त्यांना कोणी दूर बसविले नाही. ज्ञानाची दारे आपल्यासाठी प्रथमच सताड उघडी झालेली पाहून ते अहोरात्र वाचीत राहिले. खाण्यापिण्यात काटकसर करून त्यांनी जुन्या ग्रंथांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. १९१५ मध्ये एम. ए. झाल्यावर १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि तेथील 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' या विख्यात संस्थेत दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते, ते शत्रूच्या पाणबुडीने बुडविले, आणि त्याबरोबर मोठ्या कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले.

बडोद्यास नोकरीवर रुजू होताच जुनेच दुःख नव्याने समोर उभे राहिले. एवढ्या मोठ्या शहरात या विद्वान तरुणाला राहावयास जागा मिळेना. अखेर नोकरी सोडून ते मुंबईस परतले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन चांगले होते; परंतु ते परळच्या चाळीतच राहिले आणि पै पै साठवू लागले. लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करावयाचा, हा त्यांचा निश्चय होता. त्यांची पत्नी रमाबाई यांनी या काळात घरसंसार ज्या निगुतीने चालविला, त्याला तोड नाही. साठविलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर भीमराव १९२० च्या जुलै महिन्यात पुन्हा लंडनला निघाले.

लंडनमधील त्यांचा दिनक्रम एखाद्या तपस्व्यासारखा होता. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाची दारे उघडली की ते आत जात आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत जागचे हलत नसत. दुपारच्या जेवणाला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून ते जेवणच टाळीत. संध्याकाळी इतर ग्रंथालयांत जुनी सरकारी दफ्तरे चाळीत. बिऱ्हाडी परतल्यावर जे थोडेबहुत मिळे ते खाऊन पुन्हा पहाटेपर्यंत वाचीत. डॉक्टर ऑफ सायन्स या सर्वोच्च पदवीसाठी त्यांनी जो विषय निवडला, तो होता रुपयाचा प्रश्न.

हा प्रश्न काय होता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्रज येण्यापूर्वी व आल्यानंतरही काही काळ आपल्याकडे नाना प्रकारचे रुपये चालत. पुण्याकडे अंकुशी, नाशिककडे चांदवडी, निजामाच्या मुलखात हाली. एका मुलखातील रुपया दुसऱ्या मुलखात न्यावयाचा, तर सराफ तो पारखून पाही आणि बदलून देताना बट्टा कापून घेई. दूरच्या गावी पैसे पाठवावयाचे असले तर हुंडी काढावी लागे, आणि त्या व्यवहारात जो भाव पडे त्याला हुंडणावळ म्हणत. १८३५ मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. तो एक तोळा वजनाचा असून त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि थोडी मजुरी देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. म्हणून रुपयाचे मोल म्हणजे त्यातील चांदीचेच मोल होते.

इकडे इंग्लंडचे नाणे मात्र सोन्याचे होते. त्याचे नाव पौंड. त्या काळी एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स होत. रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा, त्यामुळे या दोन नाण्यांची हुंडणावळ सोन्याचांदीच्या भावावर अवलंबून राही. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. त्यानंतर जर्मनीने चांदीचे नाणे सोडून सोन्याचे स्वीकारले. इतर देशांनीही तीच वाट धरली. अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी सापडल्या. चांदी वाढली, तिची मागणी घटली, आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरू लागला. १८९२-९३ मध्ये तो १ शिलिंग ३ पेन्सांपर्यंत खाली आला होता.

या घसरणीचा भार कोणावर पडला? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम भरावी लागे. कर्जावरील व्याज, निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची वेतने, सैन्याचा व रेल्वेचा खर्च असे तिचे अनेक भाग होते. ही रक्कम पौंडांत भरावयाची, परंतु ती गोळा व्हावयाची रुपयांत, म्हणजे येथील रयतेकडून. १८९२-९३ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड पाठवावयाचे होते. त्यासाठी सुमारे साडेसव्वीस कोटी रुपये लागले. १८७३-७४ चा दर टिकून राहिला असता तर पावणेअठरा कोटींतच काम भागले असते. म्हणजे देणे तेवढेच असून केवळ हुंडणावळ बदलल्यामुळे एका वर्षात पावणेनऊ कोटी रुपये अधिक द्यावे लागले. ज्या शेतकऱ्याने पौंड कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याच्या सारापट्टीतून हा पैसा जात होता.

यावर उपाय म्हणून सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपये पाडण्याचा अधिकार फक्त सरकारकडे राहिला. नाणी कमी पडू लागताच रुपयाचे मोल त्यातील चांदीपेक्षा वर चढले, आणि १८९८ च्या सुमारास ते १ शिलिंग ४ पेन्सांवर आले. १८९९ मध्ये सरकारने तोच दर कायद्याने मान्य केला. पंधरा रुपयांस एक पौंड हे गणित तेव्हापासून रूढ झाले. पुढे हा दर टिकविण्यासाठी सरकार लंडनमध्ये रुपयांच्या हुंड्या विकू लागले, आणि रुपया घसरू लागला तर येथे पौंडांच्या हुंड्या विकू लागले. या पद्धतीला सुवर्ण-विनिमय पद्धती असे नाव पडले. रुपया चांदीचाच राहिला; परंतु तो मोडला तर त्यातील चांदीची किंमत सोळा पेन्सांपेक्षा पुष्कळच कमी भरत असे. तो जणू चांदीवर छापलेली एक नोटच झाला होता.

जॉन मेनार्ड केन्स या बुद्धिमान इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ग्रंथ लिहून या पद्धतीची वाखाणणी केली होती. परंतु लवकरच महायुद्ध आले आणि तिचा पायाच हादरला. चांदी इतकी महागली, की रुपया वितळवून विकणे फायद्याचे ठरू लागले. तेव्हा सरकारला १९१७ पासून पायरीपायरीने दर वाढवावा लागला, आणि १९१९ च्या अखेरीस तो २ शिलिंग ४ पेन्सांवर गेला. १९२० मध्ये सरकारने एका समितीच्या शिफारशीवरून रुपया सोन्याच्या दोन शिलिंगांबरोबर, म्हणजे दहा रुपयांस एक सोन्याचा पौंड, असा नवा दर जाहीर केला. त्या समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा मेरवानजी दलाल यांनी या दराला स्पष्ट विरोध नोंदविला होता. तिकडे कोणी लक्ष दिले नाही. मात्र बाजाराने सरकारचे ऐकले नाही. दर राखण्यासाठी सरकारने सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या विकल्या आणि अखेर सप्टेंबरमध्ये हात टेकले. १९२१ मध्ये रुपया सुमारे १ शिलिंग ३ पेन्सांवर येऊन पडला. दोन शिलिंगांचा दर केवळ कायद्याच्या पुस्तकात उरला.

या उलथापालथीत अनेकांचे नुकसान झाले. दोन शिलिंगांच्या दरावर विसंबून मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याने शंभर पौंडांचे कापड मागविले असेल, तर त्याने हजार रुपयांची तजवीज केली असणार. माल बंदरात येईपर्यंत दर १ शिलिंग ४ पेन्सांवर उतरला, की त्याच मालाला दीड हजार रुपये मोजावे लागत. रुपयांत बेत आखून विलायतेत गेलेल्या विद्यार्थ्यांचीही तीच गत होती. घरून तेवढेच रुपये निघत, पण हातात पडणारे पौंड कमी होत. भीमराव नेमके याच महिन्यांत लंडनला अर्धपोटी राहून अभ्यास करीत होते. १९२१ मध्ये त्यांना पुन्हा शाहू महाराजांकडे साहाय्य मागावे लागले. ज्या विषयाची पाने ते ग्रंथालयात चाळीत होते, तो विषय बाहेरच्या जगात घडत होता.

शंभर वर्षांची दफ्तरे तपासून भीमरावांनी आपला सिद्धान्त मांडला. त्यात त्यांनी केन्ससारख्या नामांकित पंडिताचे मतही तपासून पाहिले आणि आपला मतभेद निर्भयपणे सांगितला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. रुपयाला किती पेन्स मिळतात, एवढ्यावरून त्याची बरीवाईट स्थिती ओळखू नये. त्या रुपयात किती धान्य, किती कापड मिळते, हीच त्याची खरी परीक्षा होय. पौंडाशी असलेला दर वरवर स्थिर दिसत असतानाही देशात महागाई वाढू शकते, आणि तशी ती वाढलीही होती. याचे कारण, हवे तितके रुपये पाडण्याची सरकारला मुभा होती. चांदीवरील नफा सरकारला मिळे, आणि वाढलेल्या नाण्यांमुळे चढलेले भाव मात्र प्रजेला सोसावे लागत. म्हणून चलन काढण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यावर नियमाचे बंधन असले पाहिजे. यासाठी त्यांनी उपाय सुचविला, की रुपये पाडणे सरकारनेही पूर्णपणे थांबवावे, सोन्याचे नाणे पाडण्यास टांकसाळ खुली करावी, आणि त्या दोन्ही नाण्यांचे परस्परांशी प्रमाण कायद्याने ठरवून द्यावे.

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी हा प्रबंध विद्यापीठास सादर केला. त्या सुमारास ते जर्मनीतील बॉन येथील विद्यापीठातही जाऊन आले. तेथे तर चलनाचा अनर्थ चालू होता. सरकारने बेसुमार नोटा छापल्यामुळे जर्मन मार्क कोसळत होता. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले. चलनावर बंधन नसले म्हणजे काय होते, याचा तो जगापुढे आलेला दाखलाच होता.

इकडे लंडनमध्ये परीक्षकांनी प्रबंधाच्या मांडणीवर आक्षेप घेतले आणि तो पुन्हा लिहावा असे सुचविले. इतक्या वर्षांचे कष्ट, जवळचे पैसे संपत आलेले, डोक्यावर कर्ज! दुसरा एखादा खचून गेला असता. भीमराव एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले, पुन्हा लेखणी हाती घेतली आणि निष्कर्षांना मुरड न घालता प्रबंध नव्याने लिहून पाठविला. या खेपेस तो मान्य झाला आणि त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. १९२३ च्या अखेरीस तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. शिष्याची सर्व मते त्यांना पटली नव्हती, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची त्यांनी प्रशंसाच केली. आपला हा ग्रंथ भीमरावांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. मुलींचे दागिने गहाण ठेवून पुस्तके आणणाऱ्या सुभेदारांच्या श्रमांचे असे चीज झाले.

१९२५ मध्ये हिंदी चलनाची चौकशी करण्यासाठी सरकारने हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला. डिसेंबर महिन्यात डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. त्या वेळी देशात हुंडणावळीवरून मोठा वाद माजला होता. सरकारला रुपया १ शिलिंग ६ पेन्सांचा हवा होता. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखे व्यापारी पुढारी १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरीत होते. रुपया स्वस्त असला तर परदेशी विकलेल्या कापसाचे व तागाचे अधिक रुपये हाती येतात, आणि परदेशी माल महाग पडल्यामुळे येथील गिरण्यांनाही लाभ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते खोटे नव्हते. परंतु डॉ. आंबेडकरांनी या नाण्याची दुसरी बाजू दाखवून दिली. रुपया स्वस्त झाला की देशातील सर्व वस्तू महागतात, आणि मजुरी मात्र त्या मानाने वाढत नाही. तेव्हा व्यापाऱ्याला होणारा नफा हा पुष्कळ अंशी मजुराच्या ताटातूनच गेलेला असतो. म्हणून हा वाद केवळ इंग्रज आणि हिंदी यांच्यातील नसून, आपल्याच देशातील धनिक व कष्टकरी यांच्यातीलही आहे. दर ठरविताना दोघांच्याही हिताचा तोल राखला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्या गदारोळात मुंबईच्या चाळीतील मजुराची आठवण ठेवणारे फार थोडे होते. डॉ. आंबेडकर स्वतः त्या चाळींत वाढले होते.

आयोगाने डॉ. आंबेडकरांची सुवर्ण-नाण्याची योजना स्वीकारली नाही. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडू लागले. चलनाचा कारभार सरकारी खात्याकडून काढून स्वतंत्र बँकेकडे द्यावा, ही आयोगाची शिफारस मात्र पुढे अमलात आली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेची स्थापना झाली. १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याचा पाया सोडला, आणि कालांतराने इतर देशांनीही तो सोडला. रुपया व पौंड यांचा तो दर मात्र १९६६ पर्यंत टिकला. त्या वर्षी रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंड एकवीस रुपयांचा झाला. १९७५ मध्ये रुपयाचे पौंडाशी असलेले जुने नाते संपले, आणि १९९३ पासून त्याचा दर बाजारातील मागणी व पुरवठा यांवर ठरू लागला. काळाबरोबर उपाय बदलले. परंतु चलनाची खरी परीक्षा गरिबाच्या बाजारहाटात होते, आणि ते काढणाऱ्या हातांना नियमाचे बंधन हवे, हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलेला विचार जुना झाला नाही.

पुढे त्यांचे आयुष्य निराळ्या रणांगणावर गेले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी माणुसकीचा हक्क बजावला. स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदेमंत्री झाले, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने देशाचे संविधान त्यांनी घडविले. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना नियमाने बांधले पाहिजे, हे जे तत्त्व त्यांनी तरुणपणी टांकसाळीसंबंधी मांडले होते, तेच त्यांनी राज्यकारभाराच्या बाबतीतही आयुष्यभर जपले. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्ली येथे त्यांचे महानिर्वाण झाले. १९९० मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर अर्पण करण्यात आला.

२०१५ मध्ये त्यांच्या जन्माचे एकशे पंचविसावे वर्ष साजरे होत असताना भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले दहा रुपयांचे नाणे काढले. ज्याच्या हाताचा माठाला स्पर्श होऊ नये म्हणून समाजाने जपणूक केली, त्याचीच मुद्रा आता देशाच्या नाण्यावर उमटली. रुपयाचे मोल शोधण्यासाठी या पुरुषाने तहानभूक विसरून विद्येची उपासना केली, आणि ती विद्या दुबळ्यांच्या कामी लावली. विद्येचे मोलही असेच ठरत असते. ती किती जणांच्या उपयोगी पडली, यावरून.